दुपारी दोन वाजता गल्लीत कोण असतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात आमची बत्तीस घरांची गल्ली आहे. अर्धी घरं स्लॅबची, अर्धी पत्र्याची. गेल्या एप्रिलात एकट्या राहणाऱ्या एक आजी भर दुपारी घरात बेशुद्ध सापडल्या. वाचल्या, पण थोडक्यात. सप्टेंबरात नाल्याचं पाणी खालच्या अंगाच्या सहा घरांत शिरलं. त्यानंतर मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि आपत्ती समिती नेमायची म्हणून रविवारी संध्याकाळी दोनदा बैठक बोलावली. पहिल्या वेळी नऊ जण आले, दुसऱ्या वेळी तीन. घरटी पाचशे रुपये वर्गणी काढू म्हटलं तर हिशेबावरून वाद झाला आणि बोट माझ्याकडेच आलं. काहीजण म्हणतात, महापालिका बघेल. बायको म्हणते, गल्लीचं सोडा, आपल्या घराला इन्व्हर्टर आणि मोठी टाकी बसवू. मी नोकरीमुळे सकाळी नऊ ते रात्री आठ बाहेर असतो. लोकांनाच पडलेली नसेल तर मी का जिवाचं रान करू? सोडून देऊ का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: सकाळी नऊ ते रात्री आठ बाहेर असतो. आजी बेशुद्ध पडल्या त्या दुपारी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर चढतो तो दुपारी तीन-चारच्या सुमारास. त्या वेळी तुम्ही गल्लीत नसता, आणि पहिल्या बैठकीला आलेल्या नऊ जणांपैकीही बरेचसे नसणार. मग असतं कोण? विड्या वळणाऱ्या बायका, म्हातारी माणसं, सुट्टी लागलेली पोरं, रात्रपाळी करून येऊन झोपलेला यंत्रमाग कामगार. यांच्यातले किती जण तुमच्या ग्रुपवर आहेत, मोजून पाहा.

म्हणून ‘लोकांना पडलेली नाही’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. रविवारी संध्याकाळी विडी कामगाराच्या घरात दुसऱ्या दिवशीची पानं भिजवायची-कातरायची असतात, स्वयंपाक असतो. त्या दिवशी नळाला पाणी होतं का, हेही आठवा. काही दिवसांच्या खंडाने येणारं पाणी सोडून आपल्या गावात कोणीही बैठकीला येत नाही, आणि येऊही नये.

दुसरं. आजी ‘सापडल्या’ असं तुम्ही लिहिता. म्हणजे कोणाला तरी सापडल्या ना? कोणीतरी दार ढकललं, हाक मारली, रिक्षा थांबवली. तुम्ही नेमू पाहताय ती समिती त्या दुपारी हजर होती. तिला फक्त कोणी समिती म्हटलेलं नाही. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडे जा आणि त्यांनी त्या दिवशी नेमकं काय केलं, काय हाताशी नव्हतं, कोणाला फोन लागला नाही, ते विचारून घ्या. तुमच्या तयारीचा पहिला कागद तिथे लिहिला जाईल.

बैठक पुन्हा बोलावू नका. विड्या द्यायला कारखान्यात जाणाऱ्या बायका सकाळी बरोबरच चालतात, नळ आला की दारात उभ्या असतात. तिथे हा विषय तुमच्या पत्नीने काढला तर तुमच्यापेक्षा लवकर पुढे सरकेल. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक वयस्कर बायकांशी तेलुगूतूनच बोलायला हवं. मराठीत छापलेला कागद भिंतीवर लावून ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणता येतं, पण लू लागलेल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो.

पत्नीचं म्हणणं बाजूला टाकू नका

आपलं घर की गल्ली, अशी निवड तुम्ही स्वतःवर लादून घेतली आहे. इन्व्हर्टर घ्याच. १५० एएचची नवी बॅटरी दोन साधे पंखे आणि दोन एलईडी दिवे सात-आठ तास ओढते. कूलर जोडला तर वेळ निम्म्यावर येतो. तुमचं घर स्लॅबचं असेल तर वीज गेलेल्या दुपारी आजूबाजूची चार-पाच माणसं बसू शकतील अशी एक खोली तुमच्याकडे तयार झाली. गल्लीला अशा दोन-तीन खोल्या लागतात. निवडताना एक बघा: खोलीच्या डोक्यावर आणखी एक मजला असावा. सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत आत उष्णता सोडत राहतो. तळमजल्यावरची, उत्तरेला किंवा पूर्वेला खिडकी असलेली खोली उत्तम. महापालिकेची शाळा जवळ असेल तर तीही चालेल, पण मेमध्ये शाळा बंद असते. किल्ली कोणाकडे राहील, हे मुख्याध्यापकांशी परीक्षांच्या आधीच ठरवून घ्या.

मग जोड्या लावा. पत्र्याचं एक घर, स्लॅबचं एक घर. उन्हाच्या लाटेत पत्र्याखालच्या माणसांनी दुपारी बारा ते पाच स्लॅबच्या घरी बसायचं. बदल्यात स्लॅबच्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम पत्र्याच्या घरातल्या, दिवसा घरी असणाऱ्या बाईने घ्यायचं. फुकटचा उपकार कोणालाही जड जातो. देवाणघेवाण असली की माणसं संकोच न करता दार वाजवतात.

उन्हाळा: इथे जास्त वेळ द्या

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्यात जे केलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे आपत्ती म्हटलं की पाणी आठवतं. ऊन तसं दिसत नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत हजाराहून जास्त माणसं गेली, आणि ती किती होती हे नंतर मृत्यूच्या नोंदी मोजल्यावर कळलं. त्यातून २०१३ साली देशातला पहिला उष्णता कृती आराखडा झाला. त्याचा गाभा साधाच होता: इशारा वेळेवर पोचवा आणि ज्यांना धोका जास्त त्यांच्यापर्यंत आधी जा. बत्तीस घरांना हे सहज जमतं.

कधी सुरू करायचं, हे आधी ठरवून ठेवा, म्हणजे रोज वाद नको. हवामान खात्याचा उष्णतेचा ऑरेंज अलर्ट, किंवा पारा ४२ च्या वर सलग दुसरा दिवस, यातलं जे आधी होईल ते. त्या दिवसापासून दुपारी एक आणि चारला ठरलेल्या दारांवर टकटक. रात्रही उकाड्याची गेली असेल तर सकाळी सातला एक जास्तीची फेरी, कारण शरीराला रात्री थंडावा मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट लागतं.

दार उघडल्यावर ‘बरं आहे ना?’ असं विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतात. ‘सकाळपासून किती तांबे पाणी प्यालात? लघवीला कधी गेला होता? रंग कसा होता? आज वार कोणता?’ असं विचारा. गडद पिवळी लघवी किंवा पाच-सहा तास लघवीच न होणं म्हणजे पाणी कमी पडतंय. वार सांगताना घोटाळा, तोल जाणं, विनाकारण चिडचिड म्हणजे प्रकरण पुढे गेलंय. आणि हेही माहीत असू द्या की बऱ्याच आजी मुद्दाम पाणी कमी पितात, कारण सार्वजनिक शौचालय उन्हातून लांब असतं. त्यांना ‘पाणी प्या’ सांगून भागत नाही. दुपारपुरतं जवळच्या घरचं संडास मोकळं करून द्यावं लागतं.

चक्कर, पेटके, घाम, मळमळ, पण माणूस शुद्धीवर असेल तर सावलीत झोपवा, पाय थोडे उंच करा, ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घोट-घोट द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अर्धं पाकीट ग्लासात टाकणं ही नेहमीची चूक आहे. मिठाचं प्रमाण वाढतं आणि अपाय होतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाण्याची मर्यादा असते. ती त्यांच्या डॉक्टरांना मार्चमध्येच विचारून लिहून ठेवा.

अंग भाजल्यासारखं तापलंय आणि माणूस बरळतोय, झटके येताहेत किंवा शुद्ध नाही, तर तो उष्माघात. एकाने १०८ लावायचा, बाकीच्यांनी गाडीची वाट न पाहता अंग थंड करायला घ्यायचं: जादा कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी ओता, पंखा मारा, मान-काखा-जांघा इथे बर्फ किंवा थंड ओले टॉवेल ठेवा आणि टॉवेल गरम झाले की बदला. तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. क्रोसिन-पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. आपल्या गावात टॉवेलला तोटा नाही. प्रत्येक ठरलेल्या खोलीत सहा जाड टॉवेल आणि एक बादली फक्त यासाठी ठेवा.

सोलापूरची एप्रिल-मेची हवा कोरडी असते, म्हणून ओलं कापड आणि कूलर इथे फार चांगलं काम करतात. पण बंद पत्र्याच्या खोलीत ४० च्या वर नुसता पंखा अंगावर गरम हवा मारत राहतो. आधी अंग ओलं करा, मग पंखा. लोखंडी कूलरचा शॉक हा उन्हाळ्यातला वेगळाच धोका आहे. तीन पिनचा प्लग, अर्थिंग खरंच जोडलेलं, लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), आणि पाणी भरताना प्लग काढलेला. गल्लीतल्या वायरमनला एका दिवसाची मजुरी देऊन सगळे कूलर मार्चमध्ये तपासून घ्या. या एका खर्चाला कोणी नाही म्हणणार नाही.

इन्सुलिन घेणारे कोणी असतील आणि फ्रीज नसेल, किंवा वीज गेली असेल, तर बाटली कोरड्या प्लॅस्टिकच्या डबीत घट्ट बंद करून ती डबी दोन मडक्यांपैकी आतल्या मडक्यात ठेवा. मडक्यांच्या मधे ओली वाळू भरा, वर ओलं कापड घाला. फ्रीजमध्ये बर्फाला चिकटवून ठेवलेलं इन्सुलिन गोठून वाया जातं, हेही सांगून ठेवा.

पत्रे

पत्रा पांढरा केला की आतली खोली दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. काम फेब्रुवारीत, गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उलगडला की हाती घ्या, कारण एप्रिलमध्ये पत्र्यावर पाय ठेवता येत नाही. लोखंडी पत्रा तारेच्या ब्रशने घासून गंज काढा, गंजलेल्या जागी प्रायमर, मग उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. एवढे पैसे नसतील तर चुना: एक किलो चुन्याला साधारण दोन लिटर पाणी, रात्रभर भिजवून गाळून घ्या, त्यात रंगात घालतात तो डिंक. हा एका उन्हाळ्याचा उपाय आहे. पहिल्या जोरदार पावसात बराचसा धुऊन जातो, आणि चकचकीत नव्या पत्र्यावर तर धरतच नाही. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. सिमेंटच्या पत्र्यावर सरळ उभं राहू नका, तो न सांगता फुटतो. खालच्या आधारांवर टेकेल अशी फळी आडवी टाकून तिच्यावर बसून काम करा.

रंग देताना आणखी एक काम उरकतं. पत्र्यावर ठेवलेले दगड उतरवा. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उचलला की तोच दगड शेजारच्या पोराच्या डोक्यात येतो. त्याऐवजी हुकाचे बोल्ट आणि वॉशर लावून पत्रा खालच्या पाइपाला आवळून घ्या, कडेच्या ओळीत जास्त जवळ-जवळ, कारण वारा कडेतून शिरतो.

नाला

आपल्याकडे नालेसफाई मेमध्ये होते, आणि सोलापूरचा जोराचा पाऊस येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात. ऑक्टोबर २०२० मध्येही असाच आला होता. मधल्या तीन-चार महिन्यांत नाला पुन्हा प्लॅस्टिकने भरतो. म्हणून महापालिकेच्या झोन कार्यालयात दोन अर्ज द्या, एक एप्रिलमध्ये आणि एक ऑगस्टच्या मध्याला, दुसऱ्या सफाईसाठी. प्रतीवर आवक शिक्का घ्या, अर्जाला नाला तुंबल्याचा फोटो जोडा. ‘महापालिका बघेल’ म्हणणाऱ्यांनाच हे काम द्या. त्यांचं म्हणणं चूक नाही, नाला साफ करणं महापालिकेचंच काम आहे. पण मागणी कोणीतरी कागदावर करावी लागते, आणि पाणी शिरल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास गल्लीचेच असतात.

नाल्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने दोन रेषा मारा. पिवळी अशी, की तिथून पाणी घरात यायला साधारण तासभर लागेल. सप्टेंबरात पाणी कसं चढलं ते खालच्या सहा घरांना विचारलं की जागा बरोबर कळते. लाल रेष तिच्या वरच्या अंगाला. पिवळीला पाणी लागलं की शिट्टी, आणि मग म्हातारी-लहान माणसं वरच्या अंगाच्या जोडीदार घरी, कागदपत्रांची पिशवी बरोबर, धान्य माळ्यावर. लालला लागलं की मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, सगळे बाहेर. स्विच पाणी यायच्या आधीच पाडायचा. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, तेव्हा महावितरणच्या १९१२ वर फोन करून लाइन बंद करायला सांगायचं. वाहतं पाणी घोट्याच्या वर गेलं की चालू नये, आणि चालावंच लागलं तर पुढे काठी टेकत, कारण चेंबरची झाकणं उघडी असतात. जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आहे, तर ११२ सगळ्यासाठी.

पाणी ओसरल्यावर घर धुवायची घाई होते. आधी भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेलं सामान, मशिन यांचे फोटो काढा, मग धुवा. पंचनाम्याला तेच लागतात. वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करायची नाही.

सामायिक टाकीत किंवा हौदात गढूळ पाणी गेलं असेल तर ती उपसून घासा, आणि नव्या पाण्यात हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, दहा मिनिटं गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता, तासाभराने वापरा. उघडी राहिलेली जुनी पावडर जोर गमावते. घरगुती हंड्यांना आशाताईंकडचं मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं द्रावण) बाटलीवरच्या मापाने. एरवी साठवणुकीच्या बाबतीत सोलापूरकरांना कोणी काही शिकवायची गरज नाही. फक्त आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कडा घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटतात.

पाचशे रुपये

रोख वर्गणी मागितली की हिशेबाचा संशय येणारच, त्यात तुमचा अपमान मानू नका. पैसे गोळाच करू नका. गल्लीत बायकांची भिशी असेल तर एका महिन्याची बोली त्यांच्या संमतीने सामानासाठी वळवता येते, हिशेब आधीपासून चोख असतो. नाहीतर प्रत्येक घराने एक वस्तू द्यायची: ओआरएसची वीस पाकिटं, दोन टॉर्च (सेल बाहेर काढून शेजारी ठेवलेले, आत राहिले तर फुगून टॉर्च खातात), तीस मीटर जाड नायलॉन दोर, पहार, ताडपत्री, थर्मामीटर, शिट्ट्या, दोन मजबूत बांबू. बांबू कशाला? घट्ट विणीची सोलापुरी चादर दोन्ही लांब कडांनी बांबूंवर गुंडाळत मधे दीड हात जागा ठेवली की चौघांना उचलता येईल असं स्ट्रेचर होतं. तुमच्या बोळात ॲम्ब्युलन्स शिरत नसेल तर हेच लागणार. एकदा धडधाकट माणसाला झोपवून बोळाच्या तोंडापर्यंत नेऊन पाहा, वळणावर कुठे अडतं ते कळेल.

हे सामान दुपारी हमखास उघडं असणाऱ्या घरात राहू द्या. कपाटात कुलूप लावून किल्ली तुमच्या खिशात गेली तर ते सामान नसल्यासारखंच.

एका वहीचं पान लागेल: घर क्रमांक, माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, तान्हं कुठे, रोजचं औषध, बाहेरगावच्या मुलाचा नंबर. ही माहिती ग्रुपवर टाकू नका. एकटी बाई कुठे राहते, हे बत्तीस घरांच्या फोनांवर फिरायला नको. दोन प्रती, दोन बायकांकडे, कागदावर. टॉवर बंद पडले तरी कागद वाचता येतो.

तुम्ही विचारलंत, सोडून देऊ का. समितीचं सोडा. तुमच्या वाट्याला येणारी कामं वेगळी आहेत: झोन कार्यालयाचे अर्ज, वायरमन ठरवणं, रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा हवामान खात्याचा इशारा पाहणं. ही नोकरी सांभाळून होतात. ग्रुप ठेवा, पण त्यावर दोनच गोष्टी येऊ द्या: इशारा आणि ‘मदत हवी, घर क्रमांक अमुक’. सुप्रभात आणि फॉरवर्ड सुरू झाले की मदतीची हाकही कोणी उघडून वाचत नाही. आणि या आठवड्यात, कोणालाही काही सांगण्याआधी, एकदा दुपारी सुट्टी टाकून दोन वाजता गल्लीत या. आजींच्या दारापासून सुरुवात करा. कोणतं दार कोण उघडतं, ते लिहून घ्या.